ब्रिटिश विद्यापीठांच्या ऑफरमधून निवड करताना: अभ्यासक्रम वाचण्याची पद्धत

ब्रिटनमध्ये पदवीचे शिक्षण घेऊ इच्छिणारे बहुतेक विद्यार्थी यूकास या केंद्रीय यंत्रणेमार्फत अर्ज करतात. एका अर्जात जास्तीत जास्त पाच अभ्यासक्रम निवडता येतात आणि त्यांपैकी वैद्यकाचे चारच असू शकतात. मार्च-एप्रिलपर्यंत हातात तीन-चार ऑफर आल्या की घरात चर्चा सुरू होते, आणि ती बहुधा विद्यापीठाचे नाव, शहर आणि क्रमवारीतले स्थान या तीन गोष्टींभोवतीच फिरते. ज्या गोष्टीसाठी तीन-चार वर्षे आणि मोठी रक्कम खर्च होणार असते, तो अभ्यासक्रम मात्र चर्चेत शेवटी येतो किंवा येतच नाही. ऑफर विद्यापीठाची नसते. ती त्या विद्यापीठातल्या एका विशिष्ट अभ्यासक्रमाची, विशिष्ट कोडची आणि विशिष्ट वर्षाच्या प्रवेशाची असते. त्यामुळे निवडही अभ्यासक्रमांमध्येच व्हायला हवी, असे गृहीत धरून पुढच्या पायऱ्या मांडल्या आहेत.

पहिली पायरी: उत्तर देण्याचे नियम आणि आपले वेळापत्रक

सगळ्या विद्यापीठांचे निर्णय आले की यूकासच्या हबमध्ये, म्हणजे अर्जदाराच्या ऑनलाइन खात्यात, प्रत्येक ऑफरला उत्तर द्यावे लागते. एक ऑफर ‘फर्म’ म्हणून, म्हणजे पहिली पसंती म्हणून, स्वीकारता येते. एक ‘इन्शुरन्स’ म्हणून राखून ठेवता येते. उरलेल्या सगळ्या नाकाराव्या लागतात. फर्म ऑफरच्या अटी पूर्ण झाल्या की जागा तिथेच पक्की होते आणि इन्शुरन्स आपोआप गळून पडते. निकालानंतर या दोहोंतून पुन्हा निवड करण्याची सोय नसते. महाराष्ट्रातल्या कॅप फेऱ्यांमध्ये जागा फ्रीझ करायची की पुढच्या फेरीची वाट पाहायची, असा विचार करण्याची आपल्याला सवय असते. इथे तशी पुढची फेरी नाही. इन्शुरन्सचा उपयोग फर्मच्या अटी पूर्ण न झाल्यासच होतो. म्हणून इन्शुरन्सची अट फर्मपेक्षा सैल असली पाहिजे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो अभ्यासक्रम आपल्याला खरोखर करावासा वाटला पाहिजे. दोन्ही ठिकाणी सारख्याच टक्केवारीची अट असेल तर इन्शुरन्स ठेवून फारसा उपयोग नसतो.

उत्तराची अंतिम तारीख हबमध्ये दिसते. मेच्या मध्यापर्यंत सगळे निर्णय आलेल्या अर्जदारांसाठी ती साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात असते. ती चुकली तर ऑफर आपोआप नाकारल्या गेल्याचे धरले जाते, त्यामुळे तारीख घरातल्या किमान दोघांच्या फोनमध्ये नोंदवलेली असावी.

इथे भारतीय मंडळांच्या विद्यार्थ्यांना एक फायदा आहे आणि तो अनेकांच्या लक्षात येत नाही. ही सगळी व्यवस्था ए-लेव्हलच्या, म्हणजे तिथल्या बारावीसमान परीक्षेच्या, विद्यार्थ्यांना समोर ठेवून आखलेली आहे, ज्यांचा निकाल ऑगस्टच्या मध्यात लागतो. म्हणजे ते निकालाच्या दोन-अडीच महिने आधी अंधारात उत्तर देतात. राज्य मंडळाचा बारावीचा निकाल आणि सीबीएसईचा निकाल अलीकडच्या वर्षांत मे महिन्यातच लागला आहे. म्हणजे उत्तराची तारीख येण्यापूर्वी गुण हातात असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी उत्तराची घाई न करता, पण तारखेच्या आत, गुणपत्रिका सगळ्या विद्यापीठांना पाठवावी, कोणत्या ऑफर विनाशर्त झाल्या ते पाहावे आणि मगच उत्तर द्यावे. एखाद्या ठिकाणी दोन-तीन टक्के कमी पडले असतील तर प्रवेश विभागाला ईमेल करून ‘या गुणांवर तुम्ही प्रवेश द्याल का’ असे स्पष्ट विचारता येते. विद्यापीठ होय म्हणेलच असे नाही, परंतु उत्तर लेखी मिळाले तर फर्म-इन्शुरन्सचे कोडे बरेचसे सुटते. विनाशर्त ऑफर फर्म म्हणून स्वीकारली की जागा लगेच पक्की होते आणि इन्शुरन्सचा प्रश्न उरत नाही, हेही ध्यानात ठेवावे. आयबीचा, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय मंडळाचा, निकाल मात्र जुलैच्या सुरुवातीला लागतो. त्यामुळे आयबी आणि ए-लेव्हल करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना ही सवलत मिळत नाही आणि त्यांनी इन्शुरन्सची निवड अधिक गांभीर्याने करायला हवी.

दुसरी पायरी: ऑफरचे पत्र शब्दशः वाचणे

‘पंच्याऐंशी टक्के हवेत’ एवढेच लक्षात ठेवून पुढे जाणे धोक्याचे आहे. पंच्याऐंशी टक्के कशाचे, हा खरा प्रश्न असतो. काही विद्यापीठे सर्वोत्तम चार विषयांची सरासरी धरतात, काही एकूण टक्केवारी पाहतात, काही शारीरिक शिक्षणासारखे विषय वगळतात, आणि गणित किंवा भौतिकशास्त्रासारख्या एखाद्या विषयासाठी वेगळी किमान अट असू शकते. राज्य मंडळांसाठी सीबीएसई किंवा आयएससीपेक्षा जास्त टक्के मागणारी विद्यापीठेही बरीच आहेत. आपल्या मंडळाला लागू असलेली ओळ पत्रात स्पष्ट नसेल तर विचारून घ्यावी.

इंग्रजीची अट स्वतंत्रपणे वाचावी. आयईएलटीएसमध्ये एकूण ६.५ मागितलेले असतात तेव्हा प्रत्येक घटकात, म्हणजे ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे यांत, किमान किती हवेत तेही दिलेले असते. लेखनात अर्धा गुण कमी पडून अडकलेले विद्यार्थी दर वर्षी दिसतात. काही ठिकाणी बारावीच्या इंग्रजीचे गुणच पुरेसे मानले जातात, आणि तसे असेल तर परीक्षेचा खर्च वाचतो.

विनाशर्त ऑफरचे आकर्षण मोठे असते. एके काळी इंग्लंडमधली काही विद्यापीठे ‘आम्हाला फर्म ठेवलेत तरच ऑफर विनाशर्त करू’ असे सांगत असत. तिथल्या नियामक संस्थेने, ऑफिस फॉर स्टुडंट्सने, २०२० मध्ये या प्रकारावर तात्पुरती बंदी आणली आणि नंतर विद्यापीठांच्या संघटनांनीही आपल्या आचारसंहितेत त्याला विरोध नोंदवला. दबावाचे सौम्य प्रकार मात्र अजून आढळतात, उदाहरणार्थ लवकर डिपॉझिट भरल्यास शुल्कात सवलत. सवलत खरी असते, पण ती विद्यापीठाला आपली जागा लवकर भरायची असते म्हणून असते. डिपॉझिट परत मिळण्याच्या अटी वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. व्हिसा नाकारला गेला तर, गुण कमी पडले तर आणि मन बदलले तर, या तीन प्रसंगांत नियम वेगवेगळे असू शकतात.

तिसरी पायरी: आराखडा, म्हणजे अभ्यासक्रमाचा खरा चेहरा

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, असे माझे मत आहे. प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमाचे एक जाहिरातवजा पान असते आणि बहुतेक ठिकाणी त्याखेरीज ‘प्रोग्रॅम स्पेसिफिकेशन’ नावाचा एक रूक्ष दस्तऐवजही असतो. हा रूक्ष दस्तऐवजच वाचायचा असतो. तो सापडत नसेल तर विभागाकडे मागावा.

इंग्लंडमधली ऑनर्स पदवी साधारणपणे ३६० क्रेडिटची असते, म्हणजे वर्षाला १२०. एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे सुमारे १० तासांचे शिक्षण अपेक्षित असते. हे एक सूत्र हाताशी असले की बरेच काही उलगडते: २० क्रेडिटच्या मॉड्यूलमागे, म्हणजे अभ्यासक्रमातल्या एका विषयघटकामागे, २०० तास, आणि पूर्ण वर्षामागे १२०० तास. त्या २०० तासांपैकी वर्गात किती जाणार हे बहुतेकदा मॉड्यूलच्या माहितीत दिलेले असते. ४० तास वर्गात असतील तर उरलेले १६० तास ग्रंथालयात, प्रयोगशाळेत किंवा खोलीतल्या टेबलाशी आपले आपण काढायचे असतात. युरोपातल्या ईसीटीएस या क्रेडिट-पद्धतीशी तुलना करायची असेल तर ब्रिटनचे दोन क्रेडिट म्हणजे तिथला एक.

आता दोन ऑफरचे आराखडे शेजारी ठेवावेत. समजा, दोन्ही अर्थशास्त्राच्या आहेत. प्रत्येक वर्षाचे १२० क्रेडिट अनिवार्य आणि वैकल्पिक असे वेगळे करून कागदावर मांडावेत. एका ठिकाणी पहिल्या दोन वर्षांत गणित, सांख्यिकी आणि इकॉनोमेट्रिक्स मिळून ८० क्रेडिट अनिवार्य निघतील, तर दुसरीकडे तेवढीच जागा आर्थिक इतिहास, विकासाचे अर्थशास्त्र आणि धोरणविषयक निबंधलेखनाने भरलेली असेल. नाव तेच, पण घडणारा विद्यार्थी वेगळा. पुढे अर्थशास्त्रातच पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे असेल तर पहिला आराखडा जवळजवळ आवश्यक ठरतो. प्रशासन, पत्रकारिता किंवा सामाजिक क्षेत्राकडे ओढा असेल तर दुसरा अधिक जवळचा वाटेल.

पदवीच्या नावावरून मात्र निष्कर्ष काढू नये. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये विज्ञान शिकणाऱ्यालाही बीए मिळू शकते. केंब्रिजची संगणकशास्त्राची तीन वर्षांची पदवी बीएच आहे. एडिंबरा, ग्लासगो आणि सेंट अँड्र्यूजमध्ये कला आणि सामाजिकशास्त्रांच्या चार वर्षांच्या पहिल्या पदवीला एमए म्हणतात. हे कळल्याशिवाय भारतातल्या नातेवाइकांना समजावणे कठीण जाते, हा भाग वेगळा.

स्कॉटलंडच्या ऑफरचा आराखडा वेगळ्या नजरेने वाचावा लागतो. तिथली ऑनर्स पदवी चार वर्षांची आणि ४८० क्रेडिटची असते आणि पहिल्या दोन वर्षांत मुख्य विषयासोबत इतर विषय घेण्याची मुभा बहुतेक ठिकाणी असते. ज्याला बारावीनंतर नेमके काय करायचे ते अजून ठरवता आलेले नाही, त्याच्यासाठी ही मोकळीक मोलाची आहे. ज्याचे ठरलेले आहे, त्याला मात्र ते एक जास्तीचे वर्ष आणि एका वर्षाचे जास्तीचे शुल्क वाटेल. काही विषयांत चांगल्या गुणांवर थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. तशी सोय आहे का, हे विचारण्यासारखे आहे.

वैकल्पिक मॉड्यूलच्या यादीबद्दल सावधगिरी बाळगावी. पानावर चाळीस आकर्षक नावे असतात, पण खाली बारीक अक्षरांत ‘उपलब्धतेनुसार’ असे लिहिलेले असते. शिक्षक रजेवर गेला, विद्यार्थी कमी आले किंवा दोन मॉड्यूलची वेळ एकच आली की यादी आक्रसते. म्हणून एका मॉड्यूलच्या मोहाने विद्यापीठ निवडू नये. चार-पाच मॉड्यूल आवडणारी असतील तर हरकत नाही. विभागाला ‘गेल्या दोन वर्षांत यांपैकी कोणती मॉड्यूल प्रत्यक्षात चालली’ असे विचारले तर खरी यादी मिळते. अनिवार्य भागात मात्र विद्यापीठाला मनमानी बदल करता येत नाहीत. स्पर्धा आणि बाजारपेठ प्राधिकरणाने, म्हणजे सीएमएने, २०१५ मध्ये विद्यापीठांना दिलेल्या मार्गदर्शनात अभ्यासक्रमाची रचना, शुल्क आणि इतर खर्च ही ग्राहक कायद्याखाली विद्यार्थ्याला आधी द्यावयाची महत्त्वाची माहिती असल्याचे स्पष्ट केले आहे. त्यामुळे ऑफर स्वीकारण्याच्या दिवशी ते पान आणि तो दस्तऐवज पीडीएफ करून जपून ठेवावा. पुढे वाद झाला आणि विद्यापीठांतर्गत तक्रारीने तो मिटला नाही, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये ओआयए ही स्वतंत्र यंत्रणा दाद मागण्यासाठी आहे. तिथे कागदपत्रांना किंमत असते.

मूल्यमापनाची विभागणी हा आराखड्यातला सर्वांत दुर्लक्षित रकाना. एका अभ्यासक्रमात ८० टक्के गुण मेमधल्या लेखी परीक्षांवर असतात, तर दुसऱ्यात निबंध, सादरीकरण, गटप्रकल्प आणि प्रबंध यांवर. आपल्या शाळांमध्ये वाढलेला विद्यार्थी परीक्षेत तयार असतो, त्यामुळे पहिला प्रकार ओळखीचा वाटतो. पण वर्षभराचे काम तीन आठवड्यांत पणाला लागणे सगळ्यांना मानवतेच असे नाही. दुसऱ्या प्रकारात ताण पसरलेला असतो, तथापि नोव्हेंबरच्या एकाच आठवड्यात तीन निबंधांच्या मुदती येऊ शकतात. यांतला कोणता प्रकार चांगला हे ठरवता येत नाही; आपल्याला कोणता झेपतो हे मात्र आपल्याला ठाऊक असते.

शेवटच्या वर्षी प्रबंध अनिवार्य आहे का आणि किती क्रेडिटचा आहे, तेही पाहावे. ३० किंवा ४० क्रेडिटचा प्रबंध म्हणजे तीनशे-चारशे तास एकाच प्रश्नाच्या मागे लागणे. संशोधनाकडे जायचे असेल तर तो हवाच.

चौथी पायरी: प्रत्यक्ष आठवडा कसा असेल

सर्वांत मोठा धक्का वेळापत्रकाचा असतो. इतिहास, इंग्रजी साहित्य किंवा तत्त्वज्ञान शिकणाऱ्याला आठवड्यातून वर्गात दहा तासही बसावे लागत नाही, असे अनेक ठिकाणी आहे. अभियांत्रिकी किंवा प्रयोगशाळेचे विषय घेणाऱ्याचे वीस तास सहज भरतात. दहा तासांचे वेळापत्रक पाहून पालकांना फसवणूक झाल्यासारखे वाटते. पण सेमिनारच्या एका तासामागे शंभर पाने वाचून जावे लागते, आणि न वाचता गेलेला विद्यार्थी तिथे पंधरा जणांच्या टेबलाभोवती उघडा पडतो.

व्याख्यान, सेमिनार, ट्युटोरियल हे शब्द सगळीकडे सारखे दिसतात, त्यांचा अर्थ मात्र विद्यापीठागणिक बदलतो. व्याख्यानाला तीनशे विद्यार्थी असू शकतात. तो आकडा फारसा महत्त्वाचा नाही. लहान गटाच्या तासाला किती असतात आणि तो तास प्राध्यापक घेतात की पीएचडीचे विद्यार्थी, हे विचारावे. ऑक्सफर्डची ट्युटोरियल आणि केंब्रिजची सुपरव्हिजन ही दोन-तीन विद्यार्थ्यांची असते, पण ती पद्धत अपवाद आहे. इतरत्र ‘ट्युटोरियल’ म्हणजे वीस जणांचा वर्गही असू शकतो. लेखी कामावर किती दिवसांत अभिप्राय मिळतो, हाही एक चांगला प्रश्न आहे, कारण पहिल्या निबंधाचा अभिप्राय दुसरा निबंध देऊन झाल्यावर हाती आला तर त्याचा उपयोग शून्य.

गुणांबद्दल आधीच मनाची तयारी करावी. ७० आणि त्यावर म्हणजे फर्स्ट, ६० ते ६९ म्हणजे ‘टू-वन’, ५० ते ५९ ‘टू-टू’, ४० ते ४९ थर्ड, आणि पदवी अभ्यासक्रमात ४० ला उत्तीर्ण. बारावीत ९२ टक्के मिळवलेल्या मुलीला पहिल्या निबंधाला ६२ मिळतात आणि ती रडकुंडीला येते. प्रत्यक्षात तिने पहिल्याच प्रयत्नात टू-वनच्या पातळीचे काम केलेले असते. निबंधांच्या विषयांत ८० च्या वर गुण क्वचितच दिले जातात, गणित आणि अभियांत्रिकीत ते शक्य असते. बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे गुण अंतिम श्रेणीत धरले जात नाहीत, ते फक्त उत्तीर्ण व्हावे लागते. मात्र उन्हाळी इंटर्नशिपसाठी आणि परदेशी विनिमय वर्षासाठी पहिल्या वर्षाचेच गुण पाहिले जातात, त्यामुळे ‘पहिले वर्ष मोजत नाहीत’ हे वाक्य अर्धेच खरे आहे.

उताऱ्यांची नक्कल हा आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी नाजूक विषय आहे. संदर्भ न देता पुस्तकातली वाक्ये उतरवणे शाळेत खपून गेलेले असते; ब्रिटनमध्ये तो शैक्षणिक गैरवर्तनाचा प्रकार ठरतो आणि त्याची औपचारिक चौकशी होते. पहिल्या महिन्यातच ग्रंथालयाचे संदर्भलेखनाचे सत्र करून घ्यावे.

पाचवी पायरी: व्यावसायिक मान्यता

काही विषयांत ही पायरी बाकी सगळ्यांवर मात करते. वास्तुशास्त्रात आर्किटेक्ट्स रजिस्ट्रेशन बोर्डाची, मानसशास्त्रात ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची आणि अभियांत्रिकीत इंजिनिअरिंग कौन्सिलच्या परवान्याने काम करणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का, ते पाहावे. अभियांत्रिकीत आणखी एक बारकावा आहे: चार्टर्ड इंजिनिअर ही व्यावसायिक पदवी मिळवण्यासाठी लागणारी शैक्षणिक पात्रता मान्यताप्राप्त एमइंजीने (मास्टर ऑफ इंजिनिअरिंग) पूर्ण भागते, तर बीइंजीने (बॅचलर ऑफ इंजिनिअरिंग) अंशतः. म्हणून एकाच विभागाच्या दोन ऑफर वेगळ्या ठरतात. शिवाय एमइंजी किंवा भौतिकशास्त्रातल्या एमफिजसारख्या एकात्मिक पदव्युत्तर अभ्यासक्रमांत काही तांत्रिक विषयांसाठी भारतीय विद्यार्थ्याला व्हिसापूर्वी एटीएएस हे ब्रिटिश सरकारचे सुरक्षाविषयक मंजुरीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्याला आठवडे लागतात. ऑफरच्या पत्रात तसा उल्लेख असतो.

भारतात परतून काम करायचे असेल तर इथली मान्यता वेगळी तपासावी लागते. भारत आणि ब्रिटन यांच्यात जुलै २०२२ मध्ये पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा करार झाला, परंतु अभियांत्रिकी, वैद्यक, कायदा, वास्तुशास्त्र, नर्सिंग आणि औषधनिर्माण यांसारख्या व्यावसायिक पदव्या त्यातून वगळलेल्या आहेत. वकिली किंवा वैद्यकी भारतात करायची असेल तर संबंधित भारतीय परिषदेचे सध्याचे नियम ऑफर स्वीकारण्यापूर्वी वाचावेत, कारण पदवी हातात आल्यानंतर त्यांना वळण देता येत नाही.

सहावी पायरी: आकडे आणि क्रमवारी

यावर फार वेळ घालवू नये. जागतिक क्रमवाऱ्यांमध्ये संशोधनाची कीर्ती आणि संशोधनपत्रांचे संदर्भ यांना मोठे वजन असते. पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या माणसाचा त्यात थेट संबंध नाही. गार्डियन या ब्रिटिश वृत्तपत्राची क्रमवारी संशोधन धरत नाही आणि अध्यापनाशी निगडित निकषांवर भर देते, त्यामुळे तिच्यातला क्रम बराच वेगळा दिसतो. दोन यादींत एकाच विद्यापीठाचे स्थान पन्नासाने बदलते, यातच काय ते आले.

डिस्कव्हर युनि या अधिकृत संकेतस्थळावर अभ्यासक्रमनिहाय माहिती मिळते: शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे समाधान, जे २००५ पासून राष्ट्रीय पाहणीतून नोंदवले जाते, पहिल्या वर्षानंतर किती जण टिकले, आणि पदवीनंतर सुमारे १५ महिन्यांनी पदवीधर काय करत आहेत. अभ्यासक्रम लहान असेल तर हे आकडे अनेक वर्षांचे किंवा शेजारच्या विषयांचे एकत्र केलेले असतात. तशी सूचना खाली दिलेली असते, ती वाचावी. पाहणीतल्या इतर आकड्यांपेक्षा ‘मूल्यमापन आणि अभिप्राय’ या शीर्षकाखालचा आकडा मला अधिक बोलका वाटतो.

सातवी पायरी: एकूण खर्च, वार्षिक नव्हे

पहिल्या वर्षाचे शुल्क पाहून तुलना करणे ही सर्रास होणारी चूक. इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्यांच्या शुल्कावर मर्यादा आहे, आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या शुल्कावर नाही, आणि अनेक विद्यापीठे ते दर वर्षी वाढवतात. शुल्क पूर्ण अभ्यासक्रमासाठी स्थिर आहे की वाढते, वाढत असेल तर कमाल किती, हे पत्रात शोधावे. त्यात प्लेसमेंट वर्षाचे, म्हणजे पदवीच्या मध्येच एखाद्या संस्थेत काम करण्याच्या वर्षाचे, शुल्क, जे सहसा कमी असते, आणि स्कॉटलंडचे चौथे वर्ष जमेस धरावे.

राहण्याच्या खर्चाचा किमान अंदाज व्हिसाच्या नियमांवरूनच मिळतो. नोव्हेंबर २०२५ पासून विद्यार्थ्याला शुल्काव्यतिरिक्त लंडनसाठी दरमहा १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड, जास्तीत जास्त नऊ महिन्यांसाठी, उपलब्ध असल्याचे दाखवावे लागते. म्हणजे अनुक्रमे १३,७६१ आणि १०,५३९ पौंड. रोख रक्कम दाखवायची असेल तर ती सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. लंडनचे प्रत्यक्ष भाडे पाहता हा आकडा किमानच समजावा. त्याखेरीज आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड असून तो व्हिसाच्या संपूर्ण मुदतीचा एकदम आगाऊ भरावा लागतो. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, पण त्या कमाईवर शुल्काचे गणित बसवू नये.

पदवीनंतर काम करण्यासाठी असलेला ग्रॅज्युएट व्हिसा सध्या दोन वर्षांचा आहे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना तो १८ महिन्यांचा मिळेल. आज प्रवेश घेणाऱ्याला हा दुसरा आकडाच लागू होणार आहे. त्यामुळे अभ्यासक्रमातच एक वर्षाची प्लेसमेंट असणे पूर्वीपेक्षा अधिक मोलाचे झाले आहे. ती मिळवून देण्याची जबाबदारी विद्यापीठाची असते की विद्यार्थ्याची, आणि गेल्या वर्षी किती आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना ती प्रत्यक्षात मिळाली, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय ‘विथ प्लेसमेंट’ या शब्दांना किंमत देऊ नये.

आठवी पायरी: विचारणे, उत्तर देणे आणि नंतर

प्रश्नांची यादी तयार झाली की ती दोन ठिकाणी पाठवावी: प्रवेश विभागाला अटी आणि शुल्काबद्दल, आणि अभ्यासक्रमाच्या प्रवेश-शिक्षकाला आराखड्याबद्दल. एजंटामार्फत अर्ज केला असेल तरी हे प्रश्न स्वतः विचारावेत. एजंटाला विद्यापीठाकडून कमिशन मिळते, हे लक्षात ठेवून त्याचा सल्ला ऐकावा. सध्या शिकत असलेल्या, शक्यतो दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी बोलता आले तर ‘कसे आहे’ असे न विचारता ‘गेल्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलेस’ असे विचारावे. त्या उत्तरातून जे कळते ते माहितीपत्रकात नसते.

मग दोन अभ्यासक्रम उरतील. दोघांचेही तिसरे वर्ष पुन्हा वाचावे आणि ज्याचे तिसरे वर्ष आपल्याला करावेसे वाटते तो फर्म ठेवावा. विद्यापीठाच्या वसतिगृहातली खोली मिळण्याची हमी अनेक ठिकाणी फक्त फर्म ठेवणाऱ्यांना आणि ठराविक तारखेच्या आत अर्ज करणाऱ्यांना असते, तेव्हा उत्तर दिल्यानंतर लगेच तो अर्ज भरावा.

ऑफर विनाशर्त होऊन डिपॉझिट भरले की विद्यापीठ सीएएस, म्हणजे प्रवेश निश्चित झाल्याच्या नोंदीचा, क्रमांक देते आणि त्यावर व्हिसाचा अर्ज करता येतो. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो आणि निर्णय साधारणपणे तीन आठवड्यांत येतो. भारतातून जाणाऱ्याला त्याआधी मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते. सीएएसवरचे अभ्यासक्रमाचे नाव, कालावधी आणि भरलेली रक्कम आपल्या कागदांशी ताडून पाहावी. तिथली चूक विद्यापीठाकडून दुरुस्त करून घेणे व्हिसाचा अर्ज करण्यापूर्वी सोपे असते.

आणि निर्णय चुकला असे जुलैमध्ये वाटलेच, तर हबमध्ये जागा सोडण्याचा पर्याय असतो आणि जुलैच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरपर्यंत क्लिअरिंगमधून, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागा भरण्याच्या यूकासच्या व्यवस्थेतून, दुसरी जागा शोधता येते. मात्र ते बटण दाबण्यापूर्वी नव्या विद्यापीठाचा होकार ईमेलवर घ्यावा, तिथे व्हिसासाठी पुरेसा वेळ उरला आहे का ते पाहावे आणि आधीच्या डिपॉझिटचे काय होईल ते विचारावे, कारण एकदा सोडलेली जागा परत मिळण्याची खात्री कोणी देत नाही.